जुन्या एमजीबीला २०५ चे टायर बसतील का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी १९७२ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली आहे. क्रोम बंपरची, मूळच्या स्टीलच्या रोस्टाइल रिमवर, १६५ आर १४ टायर (१६५ मिलिमीटर रुंद, १४ इंची रिमचे). त्यांना १५ इंची, ७ जे (म्हणजे ७ इंच) रुंदीची, ईटी १५ ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येतंय) अलॉय व्हील्स स्वस्तात मिळताहेत, २०५/५० टायरसकट (२०५ मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ५० टक्के). मित्र म्हणतो, "मागच्या मडगार्डची कड आत वळव, गरज पडली तर स्पेसर (चाकामागे घालायची चकती) टाक, बसतात." बसतील का, आणि बसवावीत का?

बसतील का याचं उत्तर: गाडी उभी असताना, रिकामी असताना, बसतील. फोटोही छान येईल. बसवावीत का याचं उत्तर: नाही, निदान ही तरी नाहीत. तुमच्या मित्राच्या दोन सल्ल्यांपैकी एक अर्धा बरोबर आहे आणि दुसरा साफ उलटा. तो उलटा का, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी या गाडीला मुळात काय दिलं होतं ते बघा. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी निघाली तेव्हा रिम १४ इंची आणि जेमतेम ४ इंच रुंद होती. स्पोकची चाकं घेतली तर साडेचार. रोस्टाइल आली ती ५ इंची. १९७३ मध्ये याच जीटीच्या अंगात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन घातलं, १३७ अश्वशक्तीचं, गाडी ताशी १२५ मैलांच्या आसपास पळू लागली, आणि त्या गाडीलाही कारखान्याने ५ इंची रिमवर १७५ चेच टायर दिले. तुमच्या १७९८ सीसीच्या इंजिनाला यापेक्षा किती जास्त रबर लागणार?

जिथे खरोखर रुंद टायर हवे होते तिथे कारखान्याने पत्रा बदलला. १९६८ साली सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत एमजीबीचीच बहीण एमजीसी जीटीएस उतरवली, तिची मडगार्डं फुगवलेली होती. नव्वदच्या दशकात रोव्हरने याच गाडीवरून आरव्ही-८ काढली, तिला २०५/६५ चे १५ इंची टायर होते, आणि त्यासाठी तिचीही अंगं रुंद केली होती. तुम्ही आहे त्याच पत्र्यात ते मावेल का, असं विचारताय.

आता मापं. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला (ज्यावर चाक नटांनी बसतं त्या भागाला) टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर. ईटीचा आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत जातं, जितका लहान तितकं बाहेर येतं. समजा तुमच्या ५ इंची रिमचा ऑफसेट २२ मिलिमीटर आहे. (समजा म्हणतोय, कारण कागदावरच्या आकड्यापेक्षा तुमच्या हातातली रिम मोजलेली बरी. मोजायचं कसं, ते पुढे येतंय.) ५ इंचांवरून ७ इंचांवर गेलात की रिम ५१ मिलिमीटरने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेपंचवीस-साडेपंचवीस. त्यात ऑफसेट २२ वरून १५ झाला, म्हणजे अख्खं चाक आणखी ७ ने बाहेर सरकलं. एकूण बाहेरच्या बाजूला ३२ मिलिमीटर जास्त, आतल्या बाजूला फक्त १८. टायरच्या फुगवट्याचा हिशेबही जवळपास एवढाच येतो.

आणि एमजीबीला मागे जागा कमी आहे ती बाहेरच. आत पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, आतल्या कमानीची भिंत आहे, तिथे थोडी तरी सवलत असते. बाहेर मडगार्डची कड टायरच्या डोक्यावर टपून बसलेली असते. म्हणून रुंद रिम घ्यायचीच तर जास्त ऑफसेटची घ्यायची, म्हणजे वाढलेली रुंदी शक्य तितकी आत जाते. स्पेसर काय करतो? चाक बाहेर ढकलतो. म्हणजे ज्या भिंतीला घासतंय तिच्याच आणखी जवळ नेतो. मित्राला राग येणार नाही अशा शब्दांत सांगा.

मोजणी अशी. चाक काढा, जमिनीवर उताणं नाही, पालथं ठेवा, म्हणजे आतली बाजू वर. रिमच्या काठावर आडवी सरळ लोखंडी पट्टी ठेवा आणि तिथून खाली हबला टेकणाऱ्या चकतीपर्यंतचं अंतर मोजा. टायर चढवलेला असेल तर पट्टी टायरवर नाही, रिमच्या काठावरच टेकली पाहिजे. ५ इंची रिमची काठासकट एकूण रुंदी साधारण ६ इंच, तिचा अर्धा ७६ मिलिमीटर. मोजलेल्या आकड्यातून ७६ वजा करा, उरला तो तुमचा ऑफसेट. पाच मिनिटांचं काम आहे आणि नव्वद टक्के लोक ते रिम विकत घेतल्यावर करतात.

दुसरी मोजणी गाडीवरची, आणि इथे मी स्वतः एकदा सपशेल तोंडावर पडलोय. सुरुवातीच्या काळात एका जीटीला १५ बाय ६ ची रिम आणि १९५/६० टायर बसवले. डावीकडे, उजवीकडे बोट फिरवून बघितलं, करंगळी जात होती. एकटाच चालवून आलो, सपाट रस्त्यावर, काही घासलं नाही. मालकाला चावी दिली. ते दोघं नवरा-बायको मागे आठवड्याचं सामान भरून डोंगराळ भागात गेले. तिसऱ्या दिवशी फोन आला, मागून जळका वास येतोय. गाडी परत आली तेव्हा डाव्या मागच्या टायरच्या खांद्यावरून रबराची एक बारीक पट्टी सालपटासारखी निघालेली होती, पेन्सिल तासल्यावर निघते तशी गोल वळलेली, आणि मडगार्डच्या कडेला आतून रंग जाऊन पत्रा आरशासारखा चकाकत होता. उजवीकडे मात्र एक ओरखडा नाही.

डावीकडेच का? कारण या गाड्या हाताने जुळवलेल्या आहेत आणि मागचा ॲक्सल अंगाच्या बरोबर मध्यभागी असतोच असं नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक एमजीबींना डावीकडे मागे जागा कमीच निघाली, कुठे पाच, कुठे दहा मिलिमीटर. पन्नास वर्षांत कोणी ठोकलेली, कोणी मडगार्ड बदललेलं, ते वेगळंच. त्यामुळे एका बाजूचं माप घेऊन दुसरी बाजू गृहीत धरायची नाही. "माझ्या गाडीला बसले" हे दुसऱ्याचं वाक्य तुमच्या गाडीला लागू होतच नाही, तो खोटं बोलतोय असं नाही, त्याची गाडी वेगळी आहे.

त्या फजितीनंतर मी लहान मुलांची खेळायची रंगीत माती गराजमध्ये ठेवतो. मागच्या कमानीच्या आतल्या कडेला तिचे बोटभर जाड गोळे चिकटवायचे, घड्याळाच्या दहा, बारा आणि दोनच्या जागी. मग एका मागच्या चाकाखाली आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पुढच्या चाकाखाली लाकडाचे भक्कम ठोकळे घालून गाडी त्यांवर चढवायची, म्हणजे ॲक्सल वाकडा होतो आणि ते मागचं चाक कमानीत वर घुसतं. मागच्या दाराशी दोन धष्टपुष्ट माणसं बसवायची. उतरवून मातीचे गोळे काढायचे आणि सुरीने कापून जाडी मोजायची. कुठे सहा-सात मिलिमीटरपेक्षा पातळ झाला असेल तर तो टायर त्या गाडीला बसत नाही. वळणावर पाट्यांचे रबरी बुश दबून ॲक्सल आणखी थोडा आडवा सरकतो, तेवढी जागा ठेवावीच लागते. आणि हे सगळं जुने, चिरलेले बुश आणि बसलेले पाटे तसेच ठेवून करू नका. आधी बुश बदला, मग मोजा. नाहीतर आज मोजलेलं सहा महिन्यांनी खोटं ठरेल.

पुढच्या चाकांना मडगार्डपेक्षा स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर काय होतं ते बघायचं. दोन्ही टोकांना पूर्ण वळवा, टायरचा आतला खांदा अँटी-रोल बारजवळ (गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या पुढच्या आडव्या दांडीजवळ) किती येतो ते हात घालून पाहा. हे गाडी जमिनीवर असताना आणि एका बाजूने उचललेली असताना, दोन्ही वेळा.

मित्राचा अर्धा बरोबर सल्ला म्हणजे कड वळवणं. मागच्या कमानीच्या आत पत्र्याची एक उभी पट्टी असते, बाहेरचं मडगार्ड आणि आतली कमान तिथे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेली आहेत. ती पट्टी हबला लावायच्या रोलरने आत, वर दुमडता येते. गरम हवेच्या गनने रंग चांगला तापवून, घाई न करता, एका वेळी थोडं थोडं. मिळतात किती? पट्टी सपाट झाली की सात-आठ मिलिमीटर, फार तर दहा. तुम्हाला लागताहेत ३२.

आणि तुमच्या गाडीच्या त्या कमानीत पन्नास वर्षांचा काय इतिहास आहे हे आधी कळलं पाहिजे. चुंबक फिरवून बघा. इंग्लंडच्या मिठाच्या रस्त्यांवर या कमानी हमखास कुजतात आणि कोणीतरी कधीतरी तिथे पुट्टी भरलेली असते. अशा कमानीवर रोलर फिरवला की पुट्टीचा तुकडा बिस्किटासारखा हातात येतो. ग्राइंडरने पट्टी कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तिच्यावरच दोन्ही पत्र्यांचे वेल्ड आहेत. कापलीत तर मडगार्ड आणि कमान वेगळी होतात आणि मधून पाणी आत शिरतं. वळवलंत तर वळवल्यावर सांधा सीलरने बंद करा आणि आतून मेणाचा फवारा मारा.

आता २०५/५० या टायरबद्दल. तुमच्या १६५ टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर. २०५/५० आर १५ चा ५८६. रिम एक इंचाने वाढली तरी टायर ठेंगणा झाला. गाडी १७ मिलिमीटरने खाली येते, आणि जीटीचा एक्झॉस्ट आधीच गतिरोधकांना नमस्कार करत जातो. स्पीडोमीटर पुढे धावतो: खरे ७० असताना काटा ७४ दाखवेल. चौथ्या गिअरला ७० मैलांवर इंजिन आत्ता मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल, ते ४,१०० वर जाईल. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) चालू असेल तर ठीक, नसेल तर मोटरवेवर तासाभरात डोकं उठेल. कंपनीच्या माणसांनी मागच्या ॲक्सलमधलं ३.९०९ गुणोत्तराचं डिफरन्शियल हिशेब करूनच निवडलं होतं, टायर बदलून तुम्ही तो हिशेब नकळत मोडताय.

तिसरी गोष्ट स्टेअरिंगची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. पुढच्या चाकाचा संपर्कबिंदू किंगपिनच्या (ज्या उभ्या खिळीभोवती चाक वळतं तिच्या) अक्षापासून जितका बाहेर जातो तितका रस्त्याचा प्रत्येक खड्डा तुमच्या मनगटात येतो. चाक ७ मिलिमीटरने बाहेर सरकलं आणि वर २०५ चं रबर आलं की पार्किंगमध्ये घाम फुटतो, आणि रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चरांमध्ये गाडी स्वतःच्या मर्जीने भटकायला लागते. एमजीबीचं स्टेअरिंग हलकं आणि बोलकं आहे, गाडीची निम्मी मजा तिथे आहे. १६५ च्या टायरवर ओल्या गोलचक्करात ती चाळीस मैलांवर अलगद सरकते, आधी सांगून सरकते, आणि हाताने परत येते. तीच गाडी रुंद चिकट टायरवर बराच वेळ धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. शिवाय पकड वाढली की अंग जास्त झुकतं, अंग झुकलं की टायर कमानीत घुसतो. एक प्रश्न सोडवायला दुसरा उभा.

पुढचे हब उघडायची वेळ आली तर एक बघा. बेअरिंगच्या मध्ये एक नळी आणि तिच्यासोबत शिम (पातळ चकत्या) असतात, त्यांवर दोन ते चार हजारांश इंचाचा प्ले (मोकळीक) ठेवायचा असतो. कित्येक मेकॅनिकांनी "कशाला कटकट" म्हणून ही नळी फेकून दिलेली मी पाहिली आहे. नळी असली की स्टब ॲक्सल (हब ज्या छोट्या दांडीवर फिरतो ती) ताठ राहतो, नसली की वाकण्याचा ताण त्या बारीक दांडीवर येतो, आणि रुंद, बाहेर सरकलेलं चाक तो ताण वाढवतं. किंगपिनला दर ३,००० मैलांना ग्रीस द्यायचं असतं. चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, खडखडलं तर आधी ते काम, टायरचा विचार नंतर.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर रोस्टाइल तशाच ठेवून त्यांवर १८५/७० आर १४ चढवले असते. हे टायर साडेचार ते सहा इंची रिमसाठी आहेत, म्हणजे तुमच्या ५ इंची रिमवर नियमात बसतात. व्यास ६१५, म्हणजे मूळच्या जवळपास तोच, स्पीडोमीटरला कळणारही नाही. रबर बाजूला जेमतेम सात-आठ मिलिमीटर वाढतं. तरीही डावीकडे मातीचा प्रयोग कराच, काही गाड्यांना तेवढ्यावरही कड वळवावी लागते.

दिसायला अलॉयच हवी असेल, आणि त्यात काही पाप नाही, तर मिनिलाइट धाटणीची १५ बाय ६, ऑफसेट २५ च्या आसपास, आणि टायर १८५/६५ किंवा फार तर १९५/६०. व्यास अनुक्रमे ६२१ आणि ६१५. बाहेरच्या बाजूला वाढ नऊ ते साडेबारा मिलिमीटर. १९५ ला बहुतेक वेळा कड वळवावी लागते, १८५ ला बहुतेक वेळा नाही. १४ इंची टायर आता दुकानात कमी दिसतात, १५ इंचीत निवड मोठी आहे, एवढं एक कारण मला पटतं. शिवाय चांगली अलॉय रोस्टाइलपेक्षा हलकी असते, खड्ड्यावर ते जाणवतं. बाकी ७ इंची रिम या पत्र्यात कोंबण्याचं मला एकही कारण सापडलेलं नाही.

रिम घेताना स्टडचं माप ४ बाय ११४.३ असल्याची खात्री करा. स्पोकची चाकं असलेल्या गाडीचा मागचा ॲक्सल वेगळा, कमी रुंदीचा असतो, तिथे हा सगळा हिशेब बदलतो. तुमची रोस्टाइलवाली असल्याने त्यात शिरत नाही, पण आधीच्या मालकाने कधी ॲक्सल बदललाय का ते विचारून घ्या. अशा संकरित गाड्या खूप आहेत.

नटांकडे मात्र दुर्लक्ष नको. रोस्टाइलचे नट अलॉयला चालत नाहीत, बैठक वेगळी असते. अलॉयसोबत तिचेच नट घ्या. धागा अर्धा इंच यूएनएफ, इंचाला २० आटे. नट हाताने घट्ट होईपर्यंत किमान आठ-दहा पूर्ण फेरे गेला पाहिजे, कमी गेला तर स्टड लांब हवेत. टॉर्क ६० ते ६५ फूट-पाउंड, आणि पन्नास मैल चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा. पुण्यात नाना पेठेत शिकत असताना उस्ताद लांब पाइप पान्यात घालून अंगाच्या वजनाने नट आवळायचे. अलॉयवर तसं केलंत तर नटाची बैठक चेपते आणि दोनशे मैलांनी सगळे नट ढिले सापडतात.

हवा किती? जुन्या पुस्तिकेत पुढे २१, मागे २४ पीएसआय असे आकडे दिसतील, ते त्या काळच्या टायरचे. आजच्या १८५ ला मी २६ पुढे आणि २८ मागे यापासून सुरुवात करतो आणि टायर मध्ये झिजतोय की कडांना, त्यावरून कमी-जास्त करतो.

गाडी चाळीस वर्षांवरची असल्याने एमओटीची (तिथल्या वार्षिक वाहन तपासणीची) सक्ती नसेल, पण रस्त्यावर टायर घासत असेल तर जबाबदारी तुमचीच राहते. रिमचं माप बदललंत तर विमा कंपनीला आधी कळवा. बहुतेक विंटेज विमेवाले १५ बाय ६ ला हरकत घेत नाहीत, न सांगितल्याला मात्र घेतात.

आणि ती स्वस्त अलॉय टायरसकट मिळताहेत म्हणता, तर विकणाऱ्याला एक विचारा. टायरच्या भिंतीवर लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तिथे १२१३ असेल तर ते टायर २०१३ च्या मार्चमधले, नक्षी कितीही ताजी दिसो, त्यांची किंमत शून्य धरा. तेवढे पैसे वजा करून बघा ती किती स्वस्त उरतात. दरम्यान डावं मागचं चाक काढून रोस्टाइलचं माप घ्या, आणि दोन्ही बाजूंना टायर ते कड किती अंतर आहे ते कळवा. मग १८५ की १९५, ते सांगतो.